गुळव्याचा रोज

"बाईचा रोज बाईला, गड्याचा रोज गड्याला. तू गुळव्या हाईस काय?"

सर्जेराव मालक असं म्हणाले तेव्हा आंब्याखालच्या बाजेवर बसून माझ्याच हातचा गूळ चघळत होते. एक खडा गालात, दुसरा मुठीत. मी समोर उन्हात उभी, डोक्यावर भाऱ्याची चुंबळ तशीच. बाज चांगली लांबरुंद होती, पण त्यांच्याजवळ काही मागायला आलेल्या माणसाला ती नेहमीच अपुरी पडायची.

"गुळव्या न्हाई तर कोण?" मी म्हणाले. "तीन वर्सं तुमची आधणं कोण उतरवतंय?"

"केरबा. तुजा नवरा."

"त्यांस्नी दिसत न्हाई, मालक."

"त्ये काय मला ठावं न्हाई?" मालक हसले. हसताना गालातला खडा दिसला. "तुज्या बांगड्या वाजतात आन् केरबा 'उतरवा' म्हणतो. मी काय झोपलेलो नसतोय हितं. पण माणूस केरबा हाय, म्हणून रोज केरबाचा. उद्या गाय बोलाय लागली म्हणून तिला कुणी सरपंच करतंय व्हय?"

त्यांना आपला विनोद फार आवडला. दोनदा म्हणून दाखवला.

गुऱ्हाळ ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते. उसाचा रस भल्यामोठ्या काहिलीत कढतो. एका वेळच्या कढणीला आधण म्हणतात. खाली चुलवाण पेटलेलं, त्यात जळव्या वाळलेली चिपाडं घालत असतो. रसाचा पाक होतो, पाकाचा गूळ होतो, पण कधी होतो ते ओळखणारा माणूस एकच. तो गुळव्या. त्यानं 'उतरवा' म्हटलं की चार गडी दांडे घालून काहील उचलतात आणि पाक निवायच्या वाफ्यात ओततात. जरा आधी उतरवलं तर गूळ पातळ राहतो, जरा उशीर झाला तर काळा पडतो, करपतो आणि बाजारात त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. पाण्यात थेंब टाकून गोळी वळून बघतात, पण तो थेंब कधी टाकायचा हे नाकाला आणि डोळ्याला कळावं लागतं. एकदा घटका आली की गोळी वळेपर्यंत आधण पुढं निघून जातं. म्हणून गुळव्याचा रोज साठ रुपये. साध्या गड्याचा पस्तीस. आणि चिपाडं वाळवून, भारे बांधून, डोक्यावरून चुलवाणाशी आणणाऱ्या बाईचा वीस. तेच भारे एखादा गडी आणायला लागला की त्याला पस्तीस. भारा तोच, वाट तीच.

माझा नवरा केरबा एके काळी खरोखर चांगला गुळव्या होता. हे मी नाकारत नाही. पण तीस वर्षांच्या धुरानं त्याचे डोळे गेले आणि तपकिरीनं नाक गेलं. बोटं तर पाक चाचपून चाचपून इतकी निबर झालेली, की गोळी वळली काय आणि खडा वळला काय, सारखंच. राहिला होता तो फक्त रुबाब. तो मात्र दिवसेंदिवस वाढत होता.

पहिल्या वर्षी काय झालं, तर एका आधणाला तो काहिलीपुढं नुसता उभाच. मी भारा टाकून बाजूला उभी होते. पाकाचा रंग फिरला, वास बदलला, तरी हा गप्प. घाबरून मी हातातली पाण्याची बादली खाली आदळली, तशा बांगड्या खळ्ळकन वाजल्या. त्यानं मान वळवली नाही, पण लगेच "उतरवा!" म्हणाला. गूळ सोन्यासारखा निघाला. त्या दिवसापासून प्रत्येक आधणाला मी भारा टाकायची, बादलीशी उभी राहायची आणि बांगड्या वाजवायची. घरी आम्ही यावर कधी एक शब्द बोललो नाही. तो 'आज गूळ कसा काढला मी' म्हणत जेवायचा आणि मी वाढायची. वाढायची, कारण सुनंदाची शाळा साठ अधिक वीस रुपयांवर चालत होती.

सुनंदा आमची एकुलती एक. कोल्हापुरात वसतिगृहात राहून अकरावीला शिकत होती, पुढं नर्सिंगला जायचं म्हणायची. तिसऱ्या साली डॉक्टरांनी केरबाला बजावलं, की पुन्हा धुरात उभा राहिलास तर उरलासुरला उजेडही जाईल. म्हणजे साठ गेले, वीस राहिले. विसावर वसतिगृह होत नाही. पोरीला परत आणून माझ्याशेजारी चिपाडं वेचायला उभी करायची, एवढंच उरलं होतं.

पोर मात्र हुशार. म्हणाली, "आई, कायदा हाय. सारख्या कामाला सारखा रोज." असेल बापडा. पण कायदा राहतो कोल्हापुरात आणि गुऱ्हाळ ओढ्याकाठी. दोघांची गाठ पडल्याचं मी तरी पाहिलं नाही. म्हणून मीच मालकांपुढं उभी राहिले.

मालकांनी बोटं चाटली आणि मोठं मन केलं. "बरं, असं कर. केरबाला उद्या हितं आण. त्यानं चार गड्यांम्होरं सांगावं, की तीन वर्सं आधण बायकू उतरवती, मी न्हाई. त्यानं सांगितलं की त्याच टायमाला तुला साठ लावतो. सर्जेरावाचा शबुद."

शब्द द्यायला मालकांचं काही जात नव्हतं. ते पुरुषांना ओळखून होते.

मालन सगळं ऐकत होती. मालन म्हणजे माझी जोडीदारीण, अठरा वर्षं त्याच चुलवाणावर चिपाडं वाहिलेली. नवरा दारूत बुडालेला, पदरात दोन पोरं. परत जाताना ती म्हणाली, "हौसाक्का, केरबामामा बोलतील का गं?"

"पोरीसाठनं बोलतील," मी म्हणाले.

मालननं चुंबळ नीट केली आणि भारा उचलला.

संध्याकाळी मी केरबाला सगळं सांगितलं. तो अंगणात भिंतीला टेकून तपकीर ओढत होता.

"म्हंजे म्या सगळ्यांम्होरं म्हणायचं, की मला कळत न्हाई?"

"कळत न्हाई न्हवं, दिसत न्हाई एवढंच म्हणा. त्यात काय लाज? डोळं काय तुमी इकून खाल्लं व्हय?"

"गावाला काय तोंड दाखवू?"

"तुमाला तरी गावाचं तोंड कुठं दिसतंय?"

हे मी बोलायला नको होतं. पण पोरीचं शिक्षण एका बाजूला आणि याचं तोंड दुसऱ्या बाजूला, असं तागडीत घालून बसलेला माणूस बघितला की माझ्या जिभेला हाड राहत नाही. त्यानं तपकिरीची आणखी एक चिमूट नाकात कोंबली. मग "बघू" म्हणाला. ज्याला तीन वर्षं काही दिसत नव्हतं, तो 'बघू' म्हणाला आणि मी मूर्ख त्यावर निवांत झोपले.

सकाळी त्यानं धुतलेलं धोतर नेसलं, फेटा मागून घेतला. तेव्हाच मला समजायला हवं होतं. कबुली द्यायला जाणारा माणूस फेटा बांधत नाही.

गुऱ्हाळावर सगळे गडी जमले. जळव्या बापू चिपाडं घालता घालता थांबला. मालन आणि बाकीच्या चार बायका भाऱ्यांशी उभ्या होत्या. मालकांनी बाजेवरून विचारलं, "केरबा, हौसा म्हणती तीन वर्सं आधणं ती उतरवती. खरं काय?"

केरबानं फेटा चाचपला. सगळीकडं मान फिरवली, जणू एकेकाला ओळखून घेतोय. मग हसला.

"बाईमाणसाचं ऐकून आधण उतरवाय मी काय मिशा काढून ठेवल्यात, मालक? तीस वर्सं मी उतरवलंय. ती बादली घिऊन हुबी असती, तिला वाटतंय आपुनच सगळं करतो. बायकांचं काय घिऊन बसलाय."

गडी खदाखदा हसले. बापू सगळ्यात मोठ्यानं हसला. दुसऱ्याच्या बायकोची फजिती झाली की आपल्या मिशीला पीळ बसतो, अशी काही पुरुषांची समजूत असते. मला रडू आलं नाही. माझी जीभ कडू झाली. या माणसानं दोन वाक्यांत पोरीची दोन वर्षं विकली आणि बदल्यात घेतलं काय, तर बापूचं हसू.

"ऐकलंस न्हवं, हौसे?" मालक म्हणाले. "मिटलं. उद्यापास्नं बापूला गुळव्या म्हणून लावतोय. तू त्याच्याबी मागं बादली घिऊन हुबी ऱ्हा. रोज हाय तोच."

बापू! घरी चहा उतू गेलेला ज्याला कळत नाही, तो बापू! त्याला साठ, बांगड्या माझ्या, आणि मला वीस. मालकांनी हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं असणार. गूळ चघळताना त्यांचं डोकं चांगलं चालायचं.

"आन् केरबा," मालक मोठ्या मायेनं म्हणाले, "तीस वर्सं सेवा केलीस. आजचं आधण तूच उतरव. शेवटचा मान तुजा."

नारळ आणलाच होता. केरबानं तो चुलवाणापुढं फोडला. एक शकल बापूच्या पायाशी गेलं, ते कुणीतरी हळूच केरबाच्या हातात दिलं. मग तो काहिलीपुढं फेटा सावरत उभा राहिला. मालकही कौतुकानं बाजेवरून उठून आले. सगळ्यांना ठाऊक होतं, की मी बादलीशी उभी आहे. कुणालाच काळजी नव्हती.

मी बादलीशी उभी होते. मी दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या. कणीक मळताना सारतो तशा. तिथं त्या घट्ट बसतात, वाजत नाहीत.

पाक जड व्हायला लागला. मोठे बुडबुडे बारीक झाले, कडेचा फेस विरला. केरबानं मान जराशी माझ्या बाजूला कलती केली. नेहमी करायचा तशीच. मी हात हलवला नाही. रंग तांबूस झाला. त्याची मान आणखी कलली. कपाळावर घाम आला, तो फेट्याखालून डोळ्यांत उतरला. गडी दांडे धरून तयार होते. बापूनं माझ्याकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं, आणि त्याचं हसू मावळलं.

"केरबा," मालक म्हणाले, "झालं न्हवं?"

"हुईल... हुईल आता."

"हुईल का झालं?"

केरबानं तोंड उघडलं, मिटलं. आणि मग, एवढ्या माणसांपुढं, फेटा बांधलेल्या त्या बहाद्दरानं घोगऱ्या आवाजात विचारलं, "हौसा... झालं का गं?"

हाच प्रश्न तो रोज घरी भाताबद्दल विचारायचा. कुणी हसलं नाही.

"मला काय कळतंय?" मी म्हणाले. "मी बादली घिऊन हुबी असते."

"ए हौसे!" मालकांचा आवाज फाटला. दीड-दोनशे किलो गूळ होता तो. "सांग लवकर! तमाशा करू नगंस!"

"बाईचं काय घिऊन बसलाय, मालक? बापूला इचारा. उद्यापास्नं गुळव्या हाय त्यो."

मालकांनी बापूकडं बघितलं. बापूनं जमिनीकडं बघितलं. मग मालक बायकांकडं वळले. "ए मालन! अठरा वर्सं हितं हाईस तू. तू सांग! हिच्या जागी तुला घेतो, इसाचं पंचवीस करतो. सांग, उतरवू का?"

मालन एक पाऊल पुढं आली. माझ्याकडं तिनं एकदाच बघितलं. मग पदर तोंडाला लावून, अगदी गरीब आवाजात म्हणाली, "आमाला काय कळतंय, मालक? आमी चिपाडं उचलणाऱ्या."

"साठ!" मालक ओरडले. "साठ देतो तुला, हौसे! गुळव्याचा रोज!"

"समद्यांम्होरं म्हणा. माज्या नावावर."

"समद्यांम्होरं! तुज्या नावावर! आता बोल की बाई!"

मी वास घेतला. दोन श्वासांचा वेळ अजून होता. त्यातला एक मी मुद्दाम घालवला.

"उतरवा."

गूळ जरा गडद निघाला, पण निघाला. केरबा तिथंच फेटा हातात घेऊन बसला. घरी जाताना त्याला हाताला धरून न्यावं लागलं. वाटेत एकदा तो म्हणाला, "चारचौघांत असं करायला नको हुतंस." महिन्याभरात तो चावडीवर बसून सांगायला लागला, की हौसाला सगळं आपणच शिकवलं. शरम ही चीज त्याच्याजवळ मुक्कामाला कधी राहिलीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी गुळव्या. गडी माझ्या शब्दावर काहील उचलायला लागले. बापू पहिले दोन दिवस फुरंगटून बसला, तिसऱ्या दिवशी 'हौसाक्का, आणखी जाळ घालू का' म्हणून विचारायला लागला. सुनंदाची फी भरली गेली. मालक तर असे गोड झाले, की मला बाजेवर बस म्हणाले. एका कोपऱ्यावर का होईना, पण बाजेवर. मला गुळाचा खडा दिला आणि म्हणाले, "तुजं येगळं हाय हौसे. तू काय त्या बायकांतली न्हाईस."

आणि मला ते बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

पंधरवडा झाला असेल. दुपारची सुट्टी होती. मी बाजेच्या कोपऱ्यावर बसून गूळ खात होते. मालक घरी जेवायला गेले होते. मालन आली, मागं त्या चौघी. डोक्यावर चुंबळी तशाच. मालन उन्हात उभी राहिली. मी काही तिला बस म्हणाले नाही. खरं म्हणजे माझ्या लक्षातच आलं नाही.

"अक्का," मालन म्हणाली, "आमी ठरवलंय. भारं आणणारा शंकऱ्या आन् आमी एकच भारा उचलतो. त्याला पस्तीस, आमाला ईस. आमालाबी पस्तीस पायजेत. तू मालकाला सांग. तुजं ऐकतील त्ये. न्हाई ऐकलं तर तू एक आधण थांबव, आमी भारं थांबवतो."

मी गूळ चघळत राहिले. डोक्यात हिशेब वेगळाच चालला होता. मालक चिडले तर? सुनंदाचं अजून एक वर्ष आणि पुढचं नर्सिंग होतं. शेजारच्या गावात गुळवे कमी नव्हते. आणि या बायकांनी केलं होतं काय? काहिलीपुढं उभी राहिले ती मी. जीव मुठीत धरून श्वास घालवला तो मी. आता तयार पानावर बसायला या आल्या.

"मालन," मी म्हणाले, "ज्येचा रोज त्येला. तू गुळव्या हाईस काय?"

तोंडातून शब्द बाहेर पडले तेव्हा गालात खडा होता.

मागच्या चौघींनी एकमेकींकडं बघितलं. मालन रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

"न्हाई," ती म्हणाली. "गुळव्या न्हाई मी. पर त्या दिशी वास मलाबी आल्ता, अक्का. मालकानं इचारलं तवा."

एवढं म्हणून तिनं चुंबळ सारखी केली, वाकून भारा उचलला आणि चुलवाणाकडं गेली. चौघीही गेल्या.

त्यानंतर ती माझ्याशी कधी वाईट वागली नाही. भारा टाकायची, पाणी मागितलं तर द्यायची. पुढच्या हंगामाला ती आली नाही. वीटभट्टीवर गेली असं कुणीतरी म्हणालं. याला आता पंचवीस वर्षं झाली. सुनंदा मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे, तिच्या दोन पोरी आहेत. सर्जेराव मालकांना मी आयुष्यभर थुंकण्याच्या लायकीचं मानलं. केरबाला मी शेवटपर्यंत जेवायला वाढलं, पण मनातून कधी मान दिला नाही. बापूचं तर नावही घ्यायच्या योग्यतेचं नाही. हे सगळं मी कुणालाही सांगते, मोठ्यानं सांगते. त्या शनिवारचं मात्र सांगत नाही.

मालन उन्हात येऊन उभी राहिली, त्याच आठवड्यातला तो शनिवार. बाजाराचा दिवस, म्हणून पगाराचा. मालक बाजेवर बसून एकेकाला बोलवत होते. मला पहिलं बोलावलं, साठाच्या हिशेबानं पैसे दिले आणि कोपऱ्यावर बस म्हणाले. मग गडी झाले. मग बायका. मालन पुढं आली, हात पसरला. मालकांनी तिच्या हातावर विसाच्या हिशेबानं पैसे ठेवले.

"बाईचा रोज बाईला," मालक म्हणाले, आणि माझ्याकडं बघून हसले.

मीही हसले.